महाळुंगाचं दुखणं

मालुबाईच्या परड्यातलं महाळुंगाचं झाड मरायला टेकलं होतं. घरातली कामं काही थांबली नव्हती. भाकऱ्या होत होत्या, म्हशीचं दूध निघत होतं, पण ती सगळी हातांची सवय. तिचा जीव मागच्या दाराला टांगलेला होता.

महाळुंग ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायचं तर ते लिंबाच्याच गोतातलं, पण लिंबू त्याच्यापुढं पोरसवदा दिसेल. सोललेल्या नारळाएवढं, खडबडीत, आत रस कमी आणि सालच फार. लोणच्यापलीकडं खायला त्याचा उपयोग नाही. पण निपाणीकडच्या ह्या गावात लक्ष्मी कैक वर्षांनी एकदा यात्रेला म्हणून देवळाबाहेर निघते, गावात बसते, आणि बसताना तिच्या उजव्या हातात ताजं महाळुंग लागतं. ते द्यायचा मान मालुबाईच्या घरचा. मान म्हणजे तरी काय? गुरवानं भर गर्दीत घराचं नाव घेऊन हाक मारायची आणि घरच्या बाईनं फळ ओटीत घेऊन गावादेखत चालत जायचं. मागच्या यात्रेत मालुबाई तशी चालत गेली होती. तेव्हा सौरव तिच्या पोटात होता. ती हाक आणि ते चालणं तिनं आयुष्यभर पुरवून पुरवून वापरलं होतं. येत्या वैशाखात यात्रा पुन्हा भरायची होती.

आणि हे झाड तिला फुकट मिळालेलं नव्हतं. दोन भावांच्या वाटणीत एकीकडं विहिरीचं काळं रान होतं, दुसरीकडं खडकाळ माळ आणि झाडाचं परडं. नवरा यल्लाप्पा भला माणूस. त्यानं बायकोला विचारलं. मालुबाई म्हणाली, झाड घ्या. रान धाकट्या दिराकडं गेलं. माळावर काय पिकणार? मग मालुबाईनं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीची वाट धरली, ती गुडघे जाईपर्यंत सोडली नाही. तंबाखू निवडून आणि चाळून बोटांना जो रंग चढला तो आजतागायत उतरलेला नाही. झाडापायी रान घालवलं, हे भावकीनं तिला इतक्यांदा ऐकवलं होतं की यल्लाप्पाच्या मातीलाही कुणीतरी ते बोलून गेलं. तिचं त्यावर उत्तर एकच होतं आणि ते परड्यात उभं होतं. आता ते उत्तरच वाळायला लागलं होतं.

उन्हाळ्यात तिला पहिल्यांदा दिसलं. फांद्यांवर, पानांच्या शिरांवर, फळांच्या देठाशी तपकिरी ठिपके. शिंपल्याच्या आकाराचे, पण तिळाहून बारीक. हलत नाहीत की उडत नाहीत. नखानं खरवडलं तर निघतात आणि नखाला काहीतरी ओलसर लागतं.

"झाडाला खरूज झालीया," ती म्हणाली.

हे ऐकायला घरात एकटी सून होती. सौरव बेळगावात कारखान्यात, तो रविवारी यायचा. सून सौम्या खानापूरची, कानडी घरातली, धारवाडला शेतीचं शिकून आलेली. निपाणीच्या एका रोपवाटिकेत कामाला जायची. कमी बोलायची. तिनं पिशवीतनं भिंग काढलं आणि बराच वेळ एका पानाशी डोळा लावून उभी राहिली.

"आत्ती, ही खवले कीड. एकेका कवचाखाली एकेक मादी बसलीया. सोंड खुपसून रस पितीया आनि तितंच अंडी घालतीया."

"मग मार की औषध. सौरवला सांगतो, बेळगावास्नं आनंल."

"कवचावरनं औषध व्हावून जातंय. खालची तशीच ऱ्हातीया. हिला खाणारे तेवढे मरत्यात."

"हिला खाणारं कोण हाय आनि?"

सौम्या त्यावर हसली, आणि पुढच्या सुट्टीला खानापूरला जाऊन आली. येताना तिनं मामाच्या परसातल्या जुनाट लिंबाच्या खवल्यांनी भरलेल्या काटक्या कागदात बांधून आणल्या होत्या आणि एका डब्यात काळेभोर, चकचकीत, मसुराएवढे भुंगेरे. घरात आधीच एक आजारी झाड असताना सून दुसरं आजारपण डब्यात घालून घेऊन आली, हे बघून मालुबाईनं कपाळाला हात लावला.

"भुंगेरा खवले खातोयच," सौम्या सांगायला लागली. "पर खरं काम त्याच्या पंखाखाली बसून येनाऱ्याचं. बारके कोळी असत्यात. जाळं विनत्यात ते न्हवं. मानसाला खरूज करनारा किडा असतोय बघा, त्याच्याच भावकीतले म्हना. भुंगेरा झाडावर बसला की हे उतरनार, कवचाच्या कडेनं आत शिरनार, आनि आतली मादी, तिची अंडी, सगळं शोषून काढनार. तुमी म्हनलासा न्हवं, झाडाला खरूज झालीया? आपन आता खवल्यास्नी खरूज लावायची."

"आनि हे दिसनार कवा?"

"डोळ्याला न्हाय दिसत. भिंगातनंच."

"म्हंजे न दिसनारं किडं न दिसनाऱ्या जागी जाऊन न दिसनारं काम करनार," मालुबाई म्हणाली, "आनि मी हितं बघत बसायचं."

"दिवाळीपतोर. तवर झाडाला कायबी लावू नका, आत्ती. शब्द द्या."

ह्या घरात आल्यापासून पोरीनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मालुबाईनं शब्द दिला. द्यायला काय जातं, असं त्या वेळी वाटलं तिला. सौम्यानं काटक्या खालच्या फांदीला बांधल्या आणि भुंगेरे झाडावर सोडून दिले.

शब्द देणं सोपं होतं, रोज सकाळी परड्यात जाऊन उभं राहणं जड होतं. श्रावण गेला, भाद्रपद गेला. पानं पिवळी पडून गळत होती. तिनं झाडाखाली झाडायचं सोडून दिलं, कारण झाडलं की किती गळली ते कळायचं. बारकी फळं देठापासून काळी होऊन टपकायची. पडलेलं फळ ती उचलायची, पदराला पुसायची आणि मग ते कुठं टाकावं हेच तिला सुचायचं नाही. संध्याकाळी सौम्या भिंग घेऊन बसायची आणि म्हणायची, धरलंय आत्ती, खालच्या फांदीवर धरलंय. मालुबाई चष्मा लावून बघायची. तिला ठिपके दिसायचे, कालच्याएवढेच. पोरगी आपल्याला लहान मुलासारखं समजावतेय, असं तिच्या मनानं घेतलं. रडू यायचं, पण ते कुणापुढं काढायचं?

दसऱ्यानंतर शामू गुरव दारावरून जाता जाता थांबला. यात्रेची बोलणी सुरू झाली होती.

"मालुआक्का, म्हाळुंग हाय न्हवं?"

"हाय की."

शामूनं घराच्या बोळातनं मागं नजर टाकली. उघडीबोडकी फांदी तिथनंसुद्धा दिसत होती. "न्हाय, म्हंजे अडचन असली तर काय बिघडत न्हाय," तो हळूच म्हणाला. "शालूबाईचं झाडबी आता धराय लागलंय. घर एकच की शेवटी."

मालुबाईच्या अंगाची लाही झाली. शालूबाई म्हणजे धाकटी जाऊ, भिंतीपलीकडची. विहिरीचं रान घेऊन तिचं पोट भरलं नव्हतं. वाटणीनंतर तिनं ह्याच झाडाची एक फांदी गुपचूप नेऊन आपल्या परड्यात लावली होती. ती रुजली, वाढली, आणि एक दिवस भिंतीवरनं डोकावली. त्या दिवशी मालुबाई भिंतीशी उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली होती, की तुज्या घरचा हात ह्या भिंतीवरनं अलीकडं आला तर लक्ष्मीची आन हाय. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. दीर वारला तेव्हा मालुबाई जाऊन बसून आली, पण बोलली नाही. पलीकडच्या झाडाचं नाव तिच्या तोंडी चोरटं झाड. त्याची एक लांब फांदी भिंतीवरनं तिच्या परड्याच्या अंगाला झुकलेली होती, तिकडं ती मान वळवूनसुद्धा बघायची नाही.

आणि आता देवीच्या हातात त्या चोरट्या झाडाचं फळ जाणार. रान गेलं, गुडघे गेले, नवरा गेला, आणि शेवटी हाकही शालूच्या वाट्याला.

दुसऱ्या दिवशी सौम्या कामाला गेली आणि मालुबाईनं माळ्यावरनं तंबाखूच्या चुऱ्याचं गाठोडं खाली काढलं. निपाणीकडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ढेकूण झाले, म्हशीला गोचीड लागली, भाजीवर मावा पडला, तंबाखूचं पाणी. आयुष्यभर ज्या तंबाखूनं तिची छाती पोखरली, त्याच तंबाखूनं कधीतरी तिचं भलंही करावं की. परड्यातल्या चुलीवर हंडा चढवला. वाफ नाकात गेली तशी तिला जुनी ढास लागली, डोळ्यांतून पाणी आलं, पण ती ढवळत राहिली. पाणी काळं झालं, निवलं, फडक्यातून गाळलं. साबणाचा चुरा घातला. मग यल्लाप्पाचा जुना पंप पाठीला लावून तिनं झाड धुतलं. खालून वर आणि वरून खाली, पानन्पान उलटं करून, एखादं लेकरू न्हाऊ घालावं तसं. शब्द मोडतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण मरणाऱ्याच्या उशाशी बसून हात जोडून बघत राहा, हे कुणाला जमतं? तिला तरी जमलं नाही.

धुऊन झाल्यावर तिला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली.

संध्याकाळी सौम्या घरात आली आणि उंबऱ्यातच थांबली. वास घरभर होता. ती पिशवी न ठेवता तशीच मागं गेली. मालुबाई चुलीपुढं बसून राहिली. ओरडेल, रागवेल, नवऱ्याला फोन लावेल, ती सगळ्याला तयार होती. पण सौम्या आत आलीच नाही. शेवटी तीच उठून गेली.

सौम्या झाडाखाली उकिडवी बसली होती. तळहातावर तिनं भुंगेरे गोळा केले होते. सगळे पाठीवर पडलेले, पाय आवळलेले.

"ह्ये मेलं, पर खवलंबी मेलं असतील की," मालुबाई म्हणाली.

सौम्यानं एक काटकी तोडली, सुईनं एक कवच उलटलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. आत मादी होती. जिवंत, रसरशीत, तुकतुकीत, आणि तिच्याखाली अंड्यांची रास.

"हिनं कवच झाडाला घट्ट चिकटवलंय. पानी आत ग्येलंच न्हाय." मग तिनं खालच्या फांदीवरचं दुसरं कवच उलटलं. "आनि ह्ये बघा."

मालुबाईला आधी काही कळेना. आत मादी नव्हती, तिचं सुकलेलं सालपट होतं. त्याला चिकटून पांढुरक्या धुळीचे कण. सौम्या म्हणाली, ते कोळी. धूळ नव्हे.

"कोळी शिरल्याव कवचाची कड सुटतीया. तुमचं पानी तितनंच आत ग्येलं." तिनं आवाज चढवला नाही. "जितं ते पोचलं हुतं, बरोब्बर तितंच. आख्खी खालची फांदी त्येंनी साफ करत आनली हुती, आत्ती. दिवाळीला तुमास्नी दाखवनार हुतो."

मालुबाईनं भिंग खाली ठेवलं. तिनं आपलं झाड स्वतःच्या हातांनी मारलं होतं, आणि तेही धडपणी नाही. ज्यांनी वाचवायला घेतलं होतं नेमकं त्यांनाच हुडकून मारलं होतं. हे दुःख कुणाला सांगायला जावं तर ते सांगण्यासारखंसुद्धा नव्हतं. ती झाडाखालीच बसली आणि मोठ्यानं रडली.

सौम्यानं त्याच वेळी मामाला फोन लावला. कानडीत बोलणं झालं, आणि बोलता बोलता तिचा चेहरा उतरत गेला. मामानं परस विकलं होतं. तिथं आता प्लॉट पडले होते, लिंबाचं ते झाड मुळासकट गेलं होतं. मग तिनं तिच्या धारवाडच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, हे कोळी कुणी पाळून ठेवत नाही, जुन्या, कधी फवारणी न झालेल्या झाडावर सापडले तर सापडले. पुढचे काही दिवस पोरगी कामावरून येता येता दिसेल त्या लिंबाच्या झाडाशी थांबली. कुठं खवले नव्हते, कुठं होते तर नुसतेच होते. रोज ती परत यायची, मालुबाई तिच्या तोंडावरूनच काय ते ओळखायची.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी सौम्या परड्यात उभी राहून भिंतीकडं बघत होती. मालुबाईनं ते पाहिलं. सुनेनं लगेच नजर वळवली, पण उशीर झाला होता.

"काय हाय तिकडं?"

"काय न्हाय आत्ती. भुंगेरे उडत्यात. चार तिकडंबी ग्येले असतील, येवढंच."

मालुबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. सौम्या मागोमाग. गल्लीतनं वळसा घालून जायला चार घरं ओलांडावी लागतात. त्या चार घरांत मालुबाईला आपलं सगळं आयुष्य आठवलं, आणि कुठल्याच आठवणीत ती ह्या दारात मागायला उभी नव्हती.

शालूबाई जोंधळे निवडत बसली होती. जावेला दारात बघून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"शालू," मालुबाई म्हणाली, "तुज्या झाडाला खवलं हाईत?"

शालूबाईचा चेहरा कडवट झाला. "हाईत. तुज्याच झाडावरनं आल्यात. हसाय आलीस व्हय?"

"न्हाय गं. मागाय आलोय." तिनं खरोखरच पदर पुढं धरला. "एक खवल्यानं भरलेली फांदी दे मला. माझं झाड चाललंय. ही सांगंल तुला कशाला ते, पर आदी दे."

सौम्यानं सांगितलं. थोडक्यात, कोळ्यांचं, भुंगेऱ्यांचं आणि तंबाखूच्या पाण्याचं. ऐकता ऐकता शालूबाईचं कडूपण कुठं तरी विरून गेलं आणि तिच्या तोंडावर भीती आली. ती उठली, बसली, परत उठली.

"आक्का, मीबी धुतलं की गं," ती म्हणाली.

"काय?"

"तू धूत हुतीस, मी भिंतीआडनं बघत हुतो. म्हनलं, आक्का वखारीत जन्म काढलेली, तिला ठावं असनार. दुसऱ्या दिशी मीबी पानी उकळलं. शेंड्यापासनं बुडापतोर धुतलं." तिनं हात पुढं केले. तिची बोटं अजून पिवळी होती. "तू क्येलंस म्हनून मी क्येलं."

इतकी वर्षं एक शब्द नाही, आणि ही बाई भिंतीआडून बघून आपल्यासारखं करत होती. मालुबाईला संताप यावा की माया, ते कळेना. आता कुठंच काही उरलं नव्हतं, आणि दोन्हीकडं तिच्याच हातानं.

"काकी," सौम्या एकदम म्हणाली, "सगळं धुतलासा? भिंतीवरनं आमच्याकडं आलेली फांदीबी?"

शालूबाई चमकली. "ती न्हाय. तिला कसा हात लावू? आन घातलीया की आक्कानं."

सौम्या उत्तर न देता पळत सुटली, गल्लीतनं वळसा घालून. मागनं दोघी म्हाताऱ्या निघाल्या, मालुबाई गल्लीतनं, शालूबाई मात्र आपल्याच परड्यात भिंतीशी जाऊन थांबली. मालुबाई घरातनं मागच्या दारी पोचली तेव्हा सौम्या घंगाळ पालथं घालून त्यावर चढली होती आणि त्या लांब फांदीला डोळा लावून होती. मालुबाईनं वर्षानुवर्षं ज्या फांदीकडं बघितलं नव्हतं, तिच्यावर पंपाचा एक थेंब पडला नव्हता. रागानं पडला नव्हता. पानाआड एक काळा भुंगेरा बसलेला तिला नुसत्या डोळ्यांनी दिसला.

सौम्यानं सुईनं एक कवच उचललं, मग दुसरं.

"कड सुटलीया," ती म्हणाली. "हलत्यात, आत्ती. जित्ते हाईत."

भिंतीपलीकडून शालूबाईनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"झाड जगंल माझं?" मालुबाईनं विचारलं.

सौम्याला खोटं बोलता येत नसे. "सांगता येत न्हाय. ह्यातल्या निम्म्या काटक्या तुमच्या झाडाला बांधू, निम्म्या काकीच्या. वरीस जाईल. जगलं तरी वैशाखाला ह्याच्यावर फळ न्हाय ऱ्हायाचं."

मालुबाईनं आपल्या झाडाकडं बघितलं. वाळकं, करपलेलं, तंबाखूच्या डागांनी काळं पडलेलं. ज्या हाकेसाठी तिनं सगळं सोसलं ती हाक आता तिला यायची नव्हती, आणि त्यानंतरच्या यात्रेपर्यंत ती स्वतःच असायची नव्हती. हे तिला स्वच्छ दिसलं.

"शालू, ही फांदी तोडू?"

"तुज्या अंगाला हाय. मला कशाला इचारतीस?"

"झाड तुजं हाय."

पलीकडून शालूबाई दबक्या आवाजात म्हणाली, "तोडताना झटका बसला तर भुंगेरा उडंल. वरनं कुनीतरी धराय पायजे. मी घालू हात?"

"घाल."

भिंतीवरनं पिवळ्या बोटांचा हात आला आणि त्यानं फांदी धरली. सौम्यानं कोयता लावला.

"तुज्या झाडाला फळं किती हाईत?" मालुबाईनं खालून विचारलं.

"दोन हाईत. वरच्या अंगाला."

"त्यातलं एक राख. फडकं बांधून राख. वैशाखात शामूनं हाक मारली की तू जायाचं."

फांदी तुटून सुटी झाली तरी शालूबाईनं हात मागं घेतला नाही.